चिन्ह किंवा आयकॉन काढताना अर्थ नीट पोचवायचा कसा

आयकॉन काढायला घेतला की बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडतात, पण त्याआधी एक प्रश्न विचाराच, की बघणाऱ्याला अर्थ कळणार कशावरून? चार्ल्स सँडर्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने याचे तीन मार्ग सांगून ठेवलेत. चिन्ह त्या वस्तूसारखं दिसतं (कॅमेऱ्याचं चित्र म्हणजे कॅमेरा), किंवा त्या गोष्टीची खूण दाखवतं (धूर दिसला म्हणजे आग आहे), नाहीतर सगळ्यांनी तसं ठरवलेलं असतं म्हणून कळतं, जसं अधिकचं चिन्ह. आपला अर्थ यातल्या कुठल्या मार्गाने जाणार ते आधी कागदावर लिहून काढा.

वस्तू दाखवायची असेल तर सोपं आहे, तिला ओळखू येण्यापुरत्याच रेषा ठेवा, बाकी सगळं पुसा. खरी गंमत क्रिया दाखवताना येते कारण "बाहेर पडा" या गोष्टीचं चित्रच नसतं. इमर्जन्सी एक्झिटचा तो हिरवा पळणारा माणूस नीट बघा, मूळ डिझाइन जपानच्या युकिओ ओता यांचं. चेहरा नाही, कपडे नाहीत, पण अंग पुढे झुकलंय, पाय फाकलेत आणि समोर दाराची चौकट आहे. झुकाव काढून टाकला तर नुसता दारात उभा असलेला माणूस उरेल, म्हणजे घाईचा सगळा अर्थ त्या झुकावात आहे! रंगही फुकट नाही, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमांत हिरवा म्हणजे सुरक्षित जागा, पिवळा धोक्याची सूचना, निळा म्हणजे हे करायलाच हवं आणि लाल मनाई किंवा आग विझवायचं सामान. त्यामुळे ब्रँडला शोभतो म्हणून एक्झिट लाल करू नका.

ठरवून घेतलेल्या चिन्हांबाबत मी फार कडक आहे, तिथे कल्पकता दाखवायची नाही, जे रूढ आहे तेच वापरायचं. आणि नवीन काढणार असाल तर ते शिकवावं लागणार हे धरूनच चाला. जैविक धोक्याचं चिन्ह १९६६ मध्ये मुद्दाम असं काढलं की त्याला आधीचा काही अर्थच नसावा पण ते लक्षात मात्र राहावं, अर्थ नंतर शिकवला. किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह १९४६ चं, पण ज्याला माहीतच नाही त्याला त्यात धोका दिसत नाही, म्हणून २००७ मध्ये जास्त धोकादायक स्रोतांसाठी कवटी आणि पळणारा माणूस असलेलं जोडीचं चिन्ह आणावं लागलं.

आता टेस्टिंग, हे टाळूच नका. चिन्ह प्रत्यक्षात वापरायच्या साइजमध्ये प्रिंट करा, खाली काही लिहू नका, आणि डिझाइनर नसलेल्या लोकांना विचारा की याचा अर्थ काय वाटतो आणि हे दिसलं तर तुम्ही काय कराल. पर्याय देऊ नका, पर्याय दिले की लोक अंदाज मारतात. सुरक्षेच्या चिन्हांसाठी अमेरिकेतल्या एएनएसआय या मानक संस्थेचा निकष असा की किमान ८५% लोकांनी बरोबर सांगायला हवं आणि घातक गैरसमज ५% च्या वर जाता कामा नये. माझ्या मते हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण न कळलेलं चिन्ह निदान कुणाला विचारायला लावतं, उलटं कळलेलं चिन्ह थेट नुकसान करतं. गर्भवती बाईच्या आकृतीवर तिरकी रेघ, हे चिन्ह घ्या. आयसोट्रेटिनोइन हे मुरुमांचं औषध गर्भात बाळाला अपाय करतं, म्हणून घेताना गर्भ राहू देऊ नका असं त्याच्या पॅकवर सांगायचं होतं, पण काही बायकांनी ते गर्भनिरोधक आहे असा अर्थ काढला! रेघ "नको" एवढंच सांगते, काय नको, कुणाला नको, कधी नको हे ती सांगू शकत नाही.

अशी अट असलेली सूचना चित्रात बसवायचा हट्ट सोडा, चिन्हाखाली सरळ वाचता येईल अशा अक्षरात एक वाक्य लिहा आणि त्या वाक्यासकट परत नव्या लोकांना दाखवा.