गूळ परत आला, मिरची कमी भरली: शेतकऱ्याशी व्यवहार करताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी कर्नाटक सीमाभागातल्या निपाणीकडच्या एका गुऱ्हाळातून आमच्या चिक्कीसाठी गूळ उचलला, तेव्हा बोलणं एवढंच झालं होतं: "मामा, चांगला गूळ द्या." आला तो पिवळाधमक. तपासणीत गंधक जास्त निघालं आणि सगळा माल अंगावर पडला. मामांना विचारलं तर म्हणाले, "तुमास्नी काळा गूळ पायजे हुता व्हय? त्येला बाजारात गिऱ्हाईक हात लावत न्हाई." त्यांचं बरोबर होतं. पेठेत पिवळ्या गुळालाच चार पैसे जास्त मिळतात, म्हणून रस उकळायच्या काहिलीत हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी गंधकाची पावडर, पडतं.

"चांगला माल" एवढंच बोलून उठणं

काय चालेल नि काय नाही, ते ऊस तोडायच्या आधी लिहा. भेंडीचा रस आणि चुना चालेल, हायड्रॉस नाही. गुळात सल्फर डायऑक्साइडची कायदेशीर मर्यादा 70 पीपीएम (दहा लाख भागांत 70 भाग) आहे, तोही आकडा कागदावर हवा. ढेप किती किलोची, तेही. ऊस कुठल्या रानातला हेही विचारा, कारण खारपड जमिनीतल्या उसाचा गूळ खारट लागतो आणि मग गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) कितीही हुशार असला तरी उपयोग नसतो.

दुसरी बाजू उद्योजक विसरतात. काळपट गूळ तुम्ही ऐनवेळी नाकारला, तर तो पेठेत पडेल भावाने जातो. ही जोखीम शेतकरी तुमच्यासाठी घेतो, तिचे पैसे दरात धरा.

हिशेबही आधी मांडा. एक टन उसाला साधारण 100 ते 120 किलो गूळ पडतो. म्हणजे 50 क्विंटल गुळाला 42 ते 50 टन ऊस लागणार. हा ऊस कारखान्याला नोंदवलेला असेल, तर कारखान्याची तोड (ऊसतोडणीची पाळी) आली की तुमचा भागीदार तिकडे वळणार. त्याला दोष देऊ नका. तुमचा दर कारखान्याच्या दराला जोडा आणि गुळव्याची मजुरी, जळण वेगळं धरा.

वजन एकट्याने करणं

संकेश्वरी मिरचीत भांडणं होतात ती ओलीवरून. सुक्या मिरचीत 11 टक्क्यांपर्यंतच ओल चालते. आता 18 टक्के ओल असलेली 100 किलो मिरची घेतली, तर 11 टक्क्यांवर येईपर्यंत ती 92 किलोच्या आसपास भरते. ते 8 किलो कुणाचे? हे ठरलं नसेल तर खरेदीदार मनाने कडता (वजनातली घट) कापतो आणि शेतकरी पुढच्या वर्षी दुसरा अडत्या गाठतो. ओल मोजायचं मीटर घ्या आणि पोती भरताना दोघंही हजर राहा. देठासकट की देठ काढून, हेही बोलून घ्या. मिरची मोडू नये म्हणून पाणी शिंपडायची सवय काही ठिकाणी आहे, ती मात्र बंदच करा. बुरशी तिथूनच धरते.

माल गोदामात नेऊन मग प्रत ठरवणं तर आमच्या भागात विषासारखं आहे. 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू शेतकरी भावासाठी रस्त्यावर उतरले होते, ते ज्यांनी बघितलं ती माणसं अजून बांधावर आहेत. प्रत शेतातच ठरवा.

वेफर्स काळे पडतात

बेळगावचा बटाटा शीतगृहात 2 ते 4 अंशांवर ठेवला की त्यात साखर वाढते आणि तळताना काप करपट होतात. शेतकऱ्याला शिव्या देण्याआधी शीतगृहाचं तापमान विचारा.

उचल देऊन माणूस बांधणं

उचल (आगाऊ रक्कम) द्या, पण ती कोणत्या पट्टीतून (मालाच्या बिलातून) किती वळती होणार ते लिहून द्या. नाहीतर दोन हंगामांत तुम्ही सावकार होता आणि तो तुम्हाला चुकवायला लागतो.

कागद कुणाला वाचता येतो?

करार इंग्रजीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, आणि सही करणारे आजोबा मराठी शाळेत शिकलेले. ही आपल्याकडची नेहमीची गंमत! मराठी प्रत करा, ओसरीवर मोठ्याने वाचा, मग सही घ्या. उताऱ्यावर नाव कुणाचं आणि बँकेचं खातं कुणाचं, हे ताडून बघा. सामाईक जमिनीत पैसे थोरल्याच्या खात्यात जातात आणि कसणारा धाकटा तुमच्या दारात येतो. अशा घरात सगळ्या भावांची संमती घेतल्याशिवाय मी आता इसार देत नाही.

वाद झालाच, तर नमुना कामी येतो. प्रत्येक खेपेला एकाच ढिगातून तीन पिशव्या भरा, दोघांच्या सह्या करून मोहोर लावा: एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे, तिसरी दोघांना मान्य असलेल्या माणसाकडे. आमची तिसरी पिशवी गावातल्या सोसायटीच्या सचिवांकडे असते. गेल्या हंगामात ती एकदाच फोडावी लागली, आणि चूक आमच्या गोदामाची निघाली. पत्रा गळत होता.