जुन्या बेलच्या वायरवर व्हिडिओ डोअरबेल बसवताना

वायरवर चालणाऱ्या परदेशी बनावटीच्या बहुतेक व्हिडिओ डोअरबेलची माहितीपुस्तिका सांगते की जुने बटण काढावे आणि त्यामागच्या दोन वायर नव्या बेलला जोडाव्यात. अमेरिकेतल्या घरांसाठी हे बरोबर आहे, कारण तिथे बेलसाठी आधीपासून ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो आणि दाराशी येणाऱ्या वायरींमध्ये साधारण 16 ते 24 व्होल्टच असतात. मुंबईतल्या सर्वसाधारण फ्लॅटमध्ये असा ट्रान्सफॉर्मर नसतो. आपली डिंग-डाँग बेल थेट 230 व्होल्टवर वाजते आणि दाराबाहेरचे बटण हा दिव्याच्या स्विचसारखाच एक स्विच असतो, फक्त बोट उचलले की बंद होणारा. पुस्तिकेप्रमाणे जोडणी केली तर नवी बेल बहुधा जागच्या जागी जळेल, आणि ज्या वस्तूला पाहुणा भर पावसात ओल्या बोटाने हात लावणार आहे तिच्यात मेन्सचा, म्हणजे घरातल्या 230 व्होल्ट विजेचा, दाब (व्होल्टेज) येईल. म्हणून या कामात कॅमेरा भिंतीवर लावणे हा सोपा भाग आहे. दाराशी आलेल्या त्या दोन वायर कुठून निघतात हे शोधून त्यांना मेन्सपासून पूर्ण वेगळे करणे हे खरे काम आहे.

खरेदीच्या आधी बेलच्या मागचा किंवा खोक्यावरचा दाब वाचावा. तिथे ‘16–24 V AC’ असे असेल तर पुढचे सगळे लागू होते. 12 किंवा 24 व्होल्ट डीसी असेल तर ट्रान्सफॉर्मरऐवजी त्या दाबाचा ॲडॅप्टर लागेल आणि अधिक-उणे टोके सांभाळावी लागतील. नातेवाइकांनी अमेरिकेहून बॅगेत आणलेल्या बेलबरोबर कधीकधी ट्रान्सफॉर्मरही येतो. तो 120 व्होल्टसाठी असतो आणि आपल्या 230 व्होल्टला जोडल्यास जळतो, त्यामुळे बेल ठेवावी आणि तो ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवावा. 230 व्होल्ट प्रायमरीचा (मेन्सला जोडायची बाजू ती प्रायमरी, कमी दाबाची ती सेकंडरी), दोन स्वतंत्र गुंडाळ्या असलेला ट्रान्सफॉर्मर लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळतो. दुकानात ‘ऑटो ट्रान्सफॉर्मर नको’ असे स्पष्ट सांगावे, कारण त्यात मेन्स आणि कमी दाबाची बाजू एकमेकींपासून तुटलेली नसते. क्षमता बेलच्या पुस्तिकेत दिलेल्या व्हीएइतकी (व्होल्ट गुणिले अँपियर) किंवा थोडी जास्त असावी. बहुतेक बेलना 20 ते 30 व्हीए पुरते. काहीही न जोडलेला (विनाभार) ट्रान्सफॉर्मर लेबलपेक्षा काही व्होल्ट जास्त देतो, त्यामुळे बेलची कमाल मर्यादा 24 व्होल्ट असेल तर मी 24 ऐवजी 18 व्होल्टचा घेईन.

230 व्होल्टच्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तरीही वायरिंग कसे आहे हे घरमालकाला ठाऊक असले पाहिजे, कारण या प्रकारची बेल अनेक वायरमननीही कधी बसवलेली नसते आणि ‘जुन्या बटणाच्या जागी लावून देतो’ हे उत्तर हमखास ऐकू येते.

आपल्याकडची नेहमीची जोडणी अशी असते. हॉलच्या स्विचबोर्डातून फेजची (वीज आणणारी) एक वायर दाराबाहेरच्या बटणापर्यंत जाते. तिला आपण ‘जाणारी’ म्हणू. बटणापासून दुसरी वायर आतल्या बेलकडे येते, ती ‘येणारी’. बेलचे दुसरे टोक न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या वायरला) जोडलेले असते आणि ते न्यूट्रल बहुधा त्याच स्विचबोर्डातून आलेले असते. म्हणजे बटणाच्या मागे फेज असते, पण न्यूट्रल नसते, आणि म्हणूनच 230 व्होल्टवर चालणारे एखादे उपकरणसुद्धा त्या दोन वायरींवर सरळ चालवता येत नाही.

जोडणी खरोखर अशीच आहे का, हे तपासताना टेस्टर कसा फसवतो ते पाहण्यासारखे आहे. काही घरांत फेजऐवजी न्यूट्रल बटणातून फिरवलेले असते. बेल तरीही वाजते, त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या स्वतःच्या घरात ही चूक पंधरा वर्षे निवांत नांदत होती. बटणाच्या दोन स्क्रूंना टेस्टर लावला तर दोन्ही प्रकारांत एकाच स्क्रूवर दिवा लागतो: बरोबर जोडणीत थेट फेजमुळे, आणि चुकीच्या जोडणीत बेलच्या गुंडाळीतून आलेल्या फेजमुळे. फरक कळतो तो आतल्या बेलपाशी. बटण न दाबता बेलच्या दोन्ही टोकांवर टेस्टर लावावा. दिवा कुठेच लागला नाही तर बटणातून फेज फिरते आहे. दोन्ही टोकांवर लागला तर न्यूट्रल फिरते आहे, आणि त्या घरात बेल गप्प असतानाही तिच्यात फेज उभी असते. बटणावर लाल इंडिकेटर असेल तर त्यातून झिरपणाऱ्या किंचित प्रवाहाने टेस्टर उगाच मंद उजळतो, अशा वेळी मल्टिमीटरशिवाय निष्कर्ष काढू नये. वायरच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नये. लाल, पिवळा, निळा हे फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थिंग हा आपल्याकडचा जुना संकेत आहे, पण बेलची वायर बहुधा काम संपता संपता, उरलेल्या तुकड्यांतून ओढलेली असते.

यापुढचे सगळे काम एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) बंद करून करायचे. बेल ज्या एमसीबीवर आहे तो बहुधा हॉलच्या दिव्यांचा 6 अँपियरचा असतो. तो पाडल्यावर बेल वाजत नाही एवढ्यावर समाधान न मानता मल्टिमीटर आधी चालू प्लगवर तपासावा, मग बेलच्या वायरींवर लावावा आणि पुन्हा चालू प्लगवर तपासावा, म्हणजे मीटरच बिघडलेला असण्याची शंका उरत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. दिव्यांची लाइन इन्व्हर्टरवर घेताना बेलही तिच्याबरोबर गेलेली असते आणि मेन स्विच पाडल्यावरही तिथे वीज राहते.

आता जुन्याच वायरींचे नवे वर्तुळ (सर्किट) करायचे. स्विचबोर्डात ‘जाणारी’ वायर फेजवरून सोडवावी आणि बेलकडे जाणारी न्यूट्रलची वायर न्यूट्रलवरून सोडवावी. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी बाजू त्या फेजला आणि न्यूट्रलला जोडावी. सेकंडरीचे एक टोक ‘जाणाऱ्या’ वायरला आणि दुसरे टोक त्या मोकळ्या झालेल्या, पूर्वी न्यूट्रल असलेल्या वायरला द्यावे. आतली जुनी बेल काढून तिच्याकडे आलेल्या दोन वायर कनेक्टरने एकमेकींना जोडाव्यात. त्यामुळे कमी दाबाचा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून दाराशी जाईल, व्हिडिओ बेलमधून जुन्या बेलच्या जागी येईल आणि तिथून ट्रान्सफॉर्मरकडे परतेल; भिंत फोडावी लागणार नाही. न्यूट्रल फिरवलेले घर असेल तर बटणाकडे न्यूट्रल जाते आणि बेलकडे फेज, एवढाच फरक. दोन्ही वायर बोर्डातून सोडवायच्या असल्याने नवे वर्तुळ तेच राहते आणि जुनी चूक आपोआप निघून जाते.

इथे एक अडचण हटकून येते. बेलचे न्यूट्रल बोर्डातून स्वतंत्र न येता शेजारच्या ट्यूबलाइटच्या किंवा पंख्याच्या न्यूट्रलवरून उचललेले असते. ते सोडवले तर पंखा बंद पडेल, आणि न सोडवता ट्रान्सफॉर्मरला जोडले तर कमी दाबाची बाजू घराच्या न्यूट्रलला बांधली जाईल, जे कदापि चालणार नाही. म्हणून दोन्ही टोके सुटी केल्यावर मल्टिमीटरने खात्री करावी: दाराशी दोन वायरींची टोके तात्पुरती एकमेकींना जोडून बोर्डातल्या टोकांमध्ये रोध (रेझिस्टन्स) मोजावा. तो एक-दोन ओहमच्या आत यावा. दाराशी जोड सोडला की मीटरने पूर्ण तुटलेले दाखवावे, आणि यातली कोणतीही वायर घराच्या फेज, न्यूट्रल किंवा अर्थिंगशी जोडलेली दिसता कामा नये. दिसली तर त्याच पाइपातून एक नवी वायर ओढून घ्यावी. एका वायरचा खर्च फार नसतो.

गिरगाव, दादर, लालबाग इथल्या जुन्या इमारतींत लाकडी पट्टीतले वायरिंग अजूनही सापडते. वाकवल्यावर आवरण तडकून गळू लागले तर त्या वायरीवर काहीच जोडू नये. तिथे भिंतीवरून पीव्हीसी पट्टीत नवी जोडी आणणे हाच मार्ग. नंतरच्या इमारतींत साधारणपणे 1100 व्होल्ट श्रेणीच्या तांब्याच्या वायर असतात, त्यामुळे त्या कमी दाबासाठी वापरताना आवरणाची चिंता नसते. लांबीचीही नसते: 1 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे 18 ओहम, म्हणजे दार बोर्डापासून 15 मीटरवर असले तरी जाऊन-येऊन अर्ध्या ओहमच्या आसपास, आणि एक अँपियरला अर्धा व्होल्ट घट. बेलला ती जाणवत नाही.

ट्रान्सफॉर्मर स्विचबोर्डाच्या प्लेटमागे कोंबू नये. तो चोवीस तास चालू असतो आणि थोडा तापतो. त्याला बोर्डाशेजारी हवा खेळेल असा स्वतंत्र बंद डबा द्यावा आणि सेकंडरीवर छोटा फ्यूज घालावा. मग व्हिडिओ बेल न जोडता, दाराशी वायरींची टोके एकमेकींपासून दूर ठेवून एमसीबी चालू करावा आणि दाराशी दाब मोजावा. बेल जोडलेली नसल्याने अपेक्षित आकडा लेबलपेक्षा काही व्होल्ट जास्त असेल. दोनशेच्या वर आला तर ताबडतोब एमसीबी पाडून बोर्डातली जोडणी पुन्हा तपासावी. आकडा बरोबर आल्यावर वीज पुन्हा बंद करून बेल जोडावी. एसीवर कोणती वायर कोणत्या स्क्रूला हे महत्त्वाचे नाही. काही बेलना आतली घंटा नसेल तर पुस्तिकेत सांगितलेला रेझिस्टर किंवा जोडतुकडा मध्ये घालावा लागतो. तो टाळू नये.

भोके पाडण्याआधी बेल बसेल त्या जागी मोबाइल धरावा आणि लाकडी दार, सेफ्टी डोअर दोन्ही बंद करून वाय-फाय पाहावे. अनेक बेल फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. आतल्या बेडरूममधला राउटर आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे कमजोर पडत असेल तर आधी त्याची व्यवस्था करावी. मग सेफ्टी डोअर पूर्ण उघडून पाहावे: ते बाहेर उघडते आणि बऱ्याच घरांत त्याची कडी नेमकी बटणावर आपटते. उंची जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास ठीक असते. जुन्या बटणाचा चौकोनी खड्डा नव्या अरुंद बेलखाली झाकला जात नाही, म्हणून आधी एक कोरी प्लेट बसवून तिच्यावर बेल लावावी. चौकट संगमरवराची असेल तर ड्रिलचा हॅमर बंद ठेवून काचेचे-टाइलचे पाते वापरावे, नाहीतर कोपरा उडतो. दाराच्या तोरणाची शेवटची पाने कॅमेऱ्यासमोर हलत राहिली तर दिवसभर ‘हालचाल आढळली’ अशा सूचना येत राहतात, तेव्हा तोरण किंवा बेल, एक थोडे सरकवावे.

चाळीच्या किंवा उघड्या गॅलरीच्या बाजूला पावसाची झड थेट भिंतीवर येते. बेलच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना सिलिकॉन भरावे, पण खालची कड मोकळी ठेवावी, म्हणजे आत शिरलेले पाणी बाहेर पडेल. समुद्राजवळच्या इमारतींत स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत.

आपल्या मजल्यांवर दारे समोरासमोर असतात, त्यामुळे कॅमेऱ्यात पाहुण्याइतकाच समोरचा उंबरठाही दिसतो. तिरपी पाचर लावून बेलचे तोंड जिन्याकडे वा लिफ्टकडे वळवावे, शेजाऱ्यांच्या दाराचा भाग ॲपमध्ये झाकावा, आवाजाची नोंद नको असेल तर बंद करावी, आणि समोरच्या वहिनींना आधीच सांगून ठेवावे.

जुनी बेल गेल्यामुळे घरात आवाज येणार तो प्लगमध्ये बसणाऱ्या घंटेचा. ती हॉलमध्ये न लावता स्वयंपाकघराच्या आसपास लावावी; कुकरची शिट्टी चालू असताना मोबाइलची सूचना आजींना ऐकू येत नाही. वीज गेली की बेल आणि राउटर दोन्ही बंद पडतात, म्हणून दारावर एक साधी कडी ठेवणे वाईट नाही.

शेवटी ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावर, डिस्ट्रिब्युशन बोर्डाच्या झाकणाच्या आत आणि जुन्या बेलच्या जागच्या जोडावर कायमच्या शाईने लिहावे: ‘बेलच्या वायर 18 व्होल्ट. फेज जोडू नये.’ या वायर दिसायला घरातल्या इतर वायरींसारख्याच असतात, आणि पाच वर्षांनी रंगकामानंतर येणारा वायरमन त्यांना सुटे टोक समजून फेजवर चढवू शकतो.