लिहिणाऱ्याला विषय माहीत होता का, हे कसं ओळखायचं

दोन वर्षं मी एका कंटेंट साइटसाठी लेख पाडत होते. ‘पाडणं’ हा आमचाच शब्द. दिवसाला सहा लेख, प्रत्येकी आठशे शब्द. विषय वरून यायचे: गुडघेदुखी, विमा, मांजरांचं वागणं, चांगल्या सवयी. यातल्या एकाही विषयातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मग लिहायचं कसं? गूगलवर वर दिसणारे तीन लेख उघडायचे, वाचायचे आणि त्यांतून चौथा तयार करायचा. त्या तिघांनीही तेच केलेलं असायचं. आता मी मुद्रितशोधन आणि तथ्यतपासणी करते, त्यामुळे माझ्या जुन्या बिरादरीचे लेख लगेच ओळखू येतात. तुम्हालाही येतील.

आधी पहिला परिच्छेद घ्या आणि विषयाचं नाव बोटाने झाका. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात ▢ कडे दुर्लक्ष करून चालणार नाही, योग्य वेळी योग्य निर्णय घेणं गरजेचं आहे.’ चौकटीत गुडघे घाला, विमा घाला, मांजर घाला; वाक्य सुखाने नांदतं. अशी चार वाक्यं सलग आली की समजा, शब्दसंख्या भरणं चालू आहे. ज्याने काम केलंय त्याला असं गुळगुळीत लिहिताच येत नाही. सायकलचं पंक्चर खरंच काढलेला माणूस सांगतो, ‘ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा, काटा अजून तिथेच असतो.’ न काढलेला सांगतो, ‘दर्जेदार साधनं वापरा.’

भरताड वाक्यांनी फक्त वेळ जातो. खरा घोटाळा नीटनेटक्या, आकडेवाल्या वाक्यांत असतो. म्हणून सगळा लेख तपासत बसू नका, एकच वाक्य निवडा. ज्यात ठाम आकडा आहे किंवा ‘संशोधनानुसार’ लिहिलंय, ते. मग विचारा: कोणी, कधी, कोणावर? लिंक असेल तर दाबा. ती बहुतेक दुसऱ्या लेखावर जाईल, तिथून तिसऱ्यावर. वर चढत राहा.

उदाहरण माझंच देते. ‘कोणतीही सवय लागायला 21 दिवस लागतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे’ असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. पुढे या नोकरीत आल्यावर कुतूहलाने माग काढला. धागा जाऊन थांबतो मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनपाशी. 1960 साली आपल्या पुस्तकात त्यांनी नोंदवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवसांच्या आसपास लागतात. एका डॉक्टरचं निरीक्षण, प्रयोग नव्हे. हातोहाती जाताना आधी ‘किमान’ गळलं, मग ‘आसपास’ गळलं, मग चेहराही गेला आणि उरले 21 दिवस. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तो 2009 साली प्रसिद्ध झाला. मध्यक, म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त दिवस लागले तो आकडा, निघाला 66 दिवस, पण पल्ला होता 18 ते 254. म्हणजे सगळ्यांना लागू पडेल असा आकडाच नाही, हीच खरी बातमी. आता ‘66 दिवसांत सवय’ या मथळ्याचे लेख निघू लागलेत. पुन्हा पल्ला गळला!

त्या लेखात आणखी एक पाप होतं. शब्द कमी पडत होते, म्हणून ‘अकराव्या दिवशी सवय मोडण्याचा धोका सर्वाधिक असतो’ असं मी मनानेच ठोकून दिलं. वर्षभराने तेच वाक्य मला दुसऱ्या साइटवर भेटलं. समोर ‘तज्ज्ञांच्या मते’ जोडलेलं. तेव्हापासून दहा ठिकाणी एकच गोष्ट दिसली तरी मी ते दहा पुरावे धरत नाही. शब्दरचना, उदाहरणं, मुद्द्यांचा क्रम सारखा असेल तर तो एकच पुरावा आहे, कदाचित अकराव्या दिवसासारखा.

मूळ सापडलं की त्याच्या पुढचं वाक्यही वाचा. रोज आठ ग्लास पाणी प्यायचंच, या समजुतीचं एक मूळ 1945 च्या एका अमेरिकी शिफारशीत दाखवलं जातं. तिथल्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांसाठी दिवसाला अडीच लिटर पाणी सुचवलं होतं. लगेच पुढे लिहिलं होतं, की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. ते वाक्य कोणीच उचललं नाही.

टक्के दिसले की ‘कशाचे?’ एवढंच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली सांगितलं, की रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. मूळ धोका शंभरात पाच जणांना असेल, तर तो साधारण सहावर जातो. आकडा खराच आहे, पण मथळ्यात शंभरातले अठरा जण आजारी पडल्यासारखे वाटतात.

साइटचं रूपडं बघून मात्र ठरवू नका. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी 2017 साली एक अभ्यास मांडला. दहा इतिहासकार, दहा तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारही पान वरून खाली वाचत बसले, सफाईदार लोगोला भुलले. तपासनीस काही क्षणांत पान सोडून नवी टॅब उघडत आणि ‘हे लोक कोण?’ ते बाहेर शोधत. पानाबद्दल पानालाच विचारून काय मिळणार? चोराकडेच त्याच्या चारित्र्याचा दाखला मागण्यातला प्रकार.

आणि गैरसमज खोडणाऱ्या लेखांनाही हीच चाळणी लावा. पालकात लोह फार असतं हा समज दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, ही गोष्ट मी कित्येकांना रंगवून सांगितली आहे. माइक सटन या अभ्यासकाने 2010 च्या सुमारास जुने कागद धुंडाळले, तर त्या चुकलेल्या दशांशचिन्हाचा पुरावाच सापडेना. गैरसमज खोडणारी गोष्टच गैरसमज निघाली. मी दोन दिवस गप्प होते.

राहिली तारीख. ‘नुकतंच अद्ययावत’ यावर विसंबू नका. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवून ठेवतं; तिथे पानाचा पत्ता टाका आणि जुनी प्रत आजच्या प्रतीशेजारी लावून बघा. माझ्या 21 दिवसांच्या लेखाचं मी हे केलं. तारीख तीनदा बदलली आहे, लेखकाच्या जागी कोणा तज्ज्ञाचं नाव आलंय. अकरावा दिवस जागच्या जागी आहे. काढून टाका म्हणून मी दोनदा मेल पाठवला. एकदा उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’