जुनं चावीचं घड्याळ घेताय? ‘मुंबई स्पेशल’ घेताना होणाऱ्या या चुका टाळा

लग्नसराई आली की सुटावर शोभेल असं घड्याळ शोधताना बरेच जण ‘फर्स्ट कॉपी’कडे वळतात. डायलवर स्विस नाव, आत कुठलंही मशीन, आणि बिघडलं तर दुरुस्तीला हात लावायला कोणी तयार नाही. त्यापेक्षा जुनं एचएमटी जनता किंवा फेवर ल्युबा या स्विस कंपनीचं सी किंग घ्या, असं मी भेटेल त्याला सांगतो. चावीचं, पातळ, बाहीखाली सहज जाणारं खरं घड्याळ! पण नकली माल या बाजारातही आहे, आणि तो आपल्याच शहराच्या नावाने ओळखला जातो. घड्याळं जमवणारे परदेशी लोकसुद्धा त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

यात मशीन बहुतेक वेळा अस्सलच असतं. चार मोडक्या घड्याळांचे भाग एकत्र करायचे, केस घासून चकाचक करायची, डायल पुन्हा रंगवायची आणि ‘रिफर्बिश्ड’ म्हणून हजार-दीड हजारात ऑनलाइन विकायचं, असा हा धंदा आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डायलच्या चमकेवर भाळणं. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्राने २०१६ साली मंजुरी दिली. मधल्या काळातलं, कोणाच्या तरी मनगटावर वीस-तीस वर्षं राहिलेलं घड्याळ थोडं पिवळट पडणारच. काठाला डाग येणार, काट्यांचा रंग उतरणार. असं असताना डायल भडक नारिंगी किंवा पोपटी असेल, किंवा मधोमध कोणा नेत्याचं चित्र असेल, तर पुढे बघायचीही गरज नाही.

साधी पांढरी किंवा काळी डायल असेल तर मात्र नीट बघावं लागतं. विक्रेत्याकडे सरळ समोरून काढलेला मोठा फोटो मागा. अक्षरांच्या कडा बघा: कारखान्यातली छपाई बारीक आणि धारदार असते, हाताने पुन्हा छापलेली अक्षरं जाड, किंचित पसरलेली दिसतात. मिनिटांच्या रेषा आकड्यांच्या बरोबर समोर येतात का? धातूच्या खुणांच्या पायाशी रंग साचलाय का? सहाच्या खाली, अगदी काठाला असलेली बारीक अक्षरं नव्या रंगात बऱ्याचदा गायब होतात किंवा वेडीवाकडी येतात. त्याच मॉडेलचे जुने फोटो शेजारी ठेवून ताडून पाहिलं, की पाच मिनिटांत उलगडा होतो.

दुसरी चूक, झाकण न उघडता पैसे देणं. मशीनचा फोटो न देणाऱ्याकडून घेऊच नका. जनतामध्ये ०२३१ या नंबरचं, १७ ज्वेलचं (म्हणजे झीज कमी करणाऱ्या १७ बारीक खड्यांचं) मशीन असायला हवं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर अनेक अडाणी हात फिरलेत असं समजा. चावीच्या दांडीजवळ तांबूस गंज दिसला तर पाणी आत गेलेलं आहे, आणि मुंबई-कोकणच्या हवेत तो गंज वाढतच जातो. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं किंवा तारखा दिसल्या तर घाबरू नका. त्या जुन्या कारागिरांनी सर्व्हिसिंगच्या वेळी केलेल्या खुणा असतात. मला तर त्या दिसल्या की बरं वाटतं, कारण कोणीतरी त्या घड्याळाची निगा राखलेली असते.

जपानच्या सिको कंपनीचं जुनं सिको फाइव्ह घेत असाल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. मागच्या झाकणावर मशीनचा नंबर असतो, उदाहरणार्थ ७००९. डायलच्या तळाशी असलेला अतिबारीक कोडही त्याच आकड्यांनी सुरू व्हायला हवा. तो वेगळा निघाला, तर बहुधा डायल एका घड्याळाची आणि झाकण दुसऱ्याचं.

घड्याळ घरी आल्यावरच्या तक्रारी

‘चावी जास्त दिली म्हणून बंद पडलं’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. चावी पूर्ण भरलेली आहे आणि तरी घड्याळ चालत नाही, याचा अर्थ तेल सुकलंय किंवा कचरा अडकलाय. सर्व्हिसिंग करून घ्या. रोज सकाळी, घड्याळ मनगटावरून काढून, अडेपर्यंत चावी द्या. अडलं की थांबा. हातात घालून चावी दिली की दांडीवर तिरका ताण येतो आणि ती झिजते.

दिवसाला अर्धा-एक मिनिट मागेपुढे होणं या वयाच्या घड्याळाला चालायचंच. पण अचानक रोज पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर चुंबकत्व चढलेलं असू शकतं. मोबाइलचं चुंबकी कव्हर, स्पीकर यांच्याजवळ रात्रभर ठेवलं की असं होतं. दुकानात ते काढायला क्षणभर लागतो. त्यासाठी मशीन खोलायला लावू नका.

सिकोच्या ७००९ मध्ये चावी फिरवून काहीच होत नाही, म्हणून अनेक जण ‘खराब माल पाठवला’ म्हणून भांडतात. ते मशीन हाताच्या हालचालीवर चालतं, हाताने चावी देण्याची सोय त्यात नाहीच. आणि रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका, दाते तुटू शकतात.

या घड्याळांना पाणी चालत नाही, हे पावसाळ्यात पक्कं लक्षात ठेवा. काचेच्या आत वाफ दिसली तर उन्हात ठेवून किंवा तांदळाच्या डब्यात घालून वेळ घालवू नका. त्याच दिवशी झाकण उघडून वाळवून घ्या.

शेवटचं सांगणं, ज्यांच्याकडे आजोबांचं घड्याळ आहे त्यांच्यासाठी. दुरुस्तीला दिलं की दुकानदार आपुलकीनेच विचारतात, ‘डायल नवीन करून देऊ का?’ नको म्हणा. डाग पडलेली मूळ डायल एकदा रंगवली की ती परत येत नाही. फक्त सर्व्हिसिंग, नवी काच आणि बहुधा १८ मिलिमीटरचा साधा चामडी पट्टा, एवढंच सांगा. पावतीवर ‘डायल, काटे बदलू नयेत’ असं लिहून घ्या, आणि आतला एखादा भाग बदलावाच लागला तर जुना भाग पुडीत बांधून परत मागा.