कोठीपोटातला सामू मोजताना या चुका टाळा

गाईचे खाणे कमी-जास्त होते, शेण पातळ पडते, दुधाची फॅट उतरते. आम्लता वाढल्याचा संशय येतो, कोठीपोटातला (गाईच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातला) द्रव काढला जातो, मीटर त्याचा सामू (pH) ६.४ दाखवतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण इथल्या बहुतेक चुका एकाच बाजूला झुकतात: सामू खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणजे आम्लता कमी भासते. आजारी गाय कागदावर निरोगी ठरते.

सर्वांत मोठा घोटाळा लाळेचा. तोंडातून नळी घातली की लाळ मिसळतेच. गाईच्या लाळेचा सामू ८ च्या वर असतो आणि तिच्यात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे थोडी लाळही आकडा वर ढकलते. सुरुवातीचा सुमारे २०० मिली द्रव टाकून द्या. पुढचा नमुनाही बुळबुळीत, तार धरणारा निघाला तर तो मोजूच नका, पुन्हा काढा. पोटाच्या डाव्या बाजूने खालच्या भागात सुई घालून काढलेला द्रव लाळेपासून मुक्त असतो. मात्र त्यात गळू होण्याचा, पोटाच्या आतल्या आवरणाला सूज येण्याचा धोका आहे, म्हणून ते काम पशुवैद्यकाचेच. ५.५ ही धोक्याची रेषा या सुईच्या नमुन्यासाठी ठरवलेली आहे. नळीच्या नमुन्याला तीच लावली, तर बऱ्याच आजारी गाई निसटतात.

दुसरी चूक वेळेची. सकाळी खाण्याआधी सामू चढलेलाच असतो. आंबोण वेगळे देत असाल तर त्यानंतर २ ते ४ तासांनी मोजा. चारा-आंबोण एकत्र मिसळून देत असाल तर ४ ते ८ तासांनी.

नमुना उघडा ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू चढतो. गोठ्यातच, लगेच मोजा.

मीटर त्याच दिवशी ४ आणि ७ सामूच्या बफर द्रावणांवर जुळवलेला हवा. मीटरचा इलेक्ट्रोड (द्रवात बुडवायची कांडी) डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवण्याची सवय सोडा. त्याला पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण लागते.

पोटात राहून सामू मोजत राहणारा सेन्सर बोलस (गिळवायची कॅप्सूल) बसवला म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. तो बहुधा जाळीपोटात (कोठीपोटाला लागून असलेल्या छोट्या कप्प्यात) जाऊन बसतो आणि तिथला सामू कोठीपोटाच्या तळापेक्षा जास्त असतो. शिवाय काही महिन्यांत त्याचे वाचन सरकू लागते आणि बाहेर काढून तो पुन्हा जुळवता येत नाही. त्यामुळे एका आकड्यापेक्षा त्याच गाईच्या आधीच्या नोंदींशी तुलना करा. दिवसाची सरासरीही फसवते. सामू किती तास खाली राहिला, हे पाहा.

आणि एका गाईवरून कळपाचा निकाल लावू नका. एकच खुराक खाणाऱ्या गटातल्या १२ गाई तपासतात. सुईच्या नमुन्यात त्यांतल्या ३ किंवा अधिक गाईंचा सामू ५.५ किंवा त्याखाली आला, तर आधी खुराक तपासायला घ्या.