जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलने: पिट्सबर्ग ते कंबरलंड, चार दिवसांत

आगगाडीला चढ सोसत नाही. आपल्या बोरघाटात रूळ ३७ फुटांमागे १ फूट चढतात, तर तेवढ्यासाठी मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणून रेल्वे बांधणारे डोंगर फोडतात, दरीवर पूल टाकतात, नदीच्या काठाकाठाने वळणं घेतात, पण चढ वाढू देत नाहीत. अशी एखादी लाइन बंद पडली, रूळ उचलले गेले आणि त्या जागी बारीक खडी पसरली, की सायकलवाल्यांना तयार वाट मिळते. अमेरिकेतली ग्रेट ॲलेगेनी पॅसेज ही अशीच वाट. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलंडपर्यंत १५० मैल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. पिट्सबर्गला आपली बरीच मंडळी व्यंकटेशाच्या देवळासाठी जातात. पुढच्या वेळी चार दिवस जास्त काढा आणि सायकल बरोबर न्या.

आधी दिशा ठरवा

वाटेतला सर्वात उंच बिंदू २,३९२ फुटांवर आहे, कंबरलंडपासून साधारण २४ मैलांवर. तिथे पूर्व खंडविभाजक ओलांडला जातो: एका बाजूचं पाणी अटलांटिकला, दुसऱ्या बाजूचं मेक्सिकोच्या आखाताला. कंबरलंडहून निघालात तर पहिले २४ मैल सलग चढ. पिट्सबर्गहून निघालात तर तीच उंची सव्वाशे मैलांवर पसरते आणि शेवटी उतार हाती लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने पिट्सबर्गहूनच निघावं, असं माझं ठाम मत आहे. तीन दिवसांत पाय तयार होतात आणि शेवटचा दिवस बक्षिसासारखा येतो.

सायकल आणि टायर

पिट्सबर्गच्या आसपासचे मैल डांबरी आहेत. पुढे जवळजवळ सगळीकडे चुनखडीची दाबून बसवलेली बारीक कच. त्यासाठी महागडी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या वाटांसाठी बनवलेली सायकलच हवी असं नाही. ३५ ते ४० मिलिमीटरचा टायर बसेल अशी कोणतीही धड सायकल चालेल. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचे बारीक टायर मात्र टाळा, ओल्या कचेत ते रुततात. ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये सामानासकट ४०-५० पीएसआय (पंपावर दिसणारा दाबाचा आकडा) हवा पुरते. दगडासारखा टणक टायर हातांना मुंग्या आणतो.

या वाटेचा खरा त्रास पावसात कळतो. ओल्या चुनखडीची राखाडी लापशी होते आणि ती चेनवर, ब्रेकवर, पाठीवर उडते. एकदा वाटेवरच्या रॉकवुड गावाच्या पुढे दुपारभर पावसात सायकल चालवली. संध्याकाळी ब्रेक दाबला की कानसीने लोखंड घासल्यासारखा करकर आवाज यायचा. सकाळी बघितलं तर ब्रेक पॅड अर्ध्यावर आले होते. तेव्हापासून तीन गोष्टी कायम बरोबर असतात: ब्रेक पॅडचा एक जादा जोड, चेन ऑइलची लहान बाटली आणि जुन्या सुती साडीचं फडकं. मुक्कामी पोचल्यावर आधी बाटलीतल्या पाण्याने चेन आणि रिम धुवा, फडक्याने कोरडं करा, तेलाचे थेंब सोडा, जास्तीचं तेल पुसा. आंघोळ त्यानंतर. कच वाळली की सिमेंटसारखी चिकटते. दोन्ही चाकांना मडगार्ड असेल तर निम्मा त्रास वाचतो.

जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान आणि पुढचा-मागचा दिवा हे तर हवंच.

दिवसांची आखणी

पहिला दिवस, पिट्सबर्ग ते वेस्ट न्यूटन, ३६ मैल. सुरुवातीला होमस्टेडसारखी पोलादाची जुनी गावं लागतात. १८९२ च्या गाजलेल्या कामगार संपाचं होमस्टेड ते हेच. वेस्ट न्यूटनच्या अलीकडे वाटेच्या कडेला एक लाल-केशरी धबधबा आहे. तिथे थांबा. जुन्या कोळसा खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यातलं लोखंड खडकावर थरावर थर चढवत जातं, त्याचा तो रंग. दिसायला सुंदर आहे, पण त्या पाण्यात हात घालू नका आणि बाटली तर अजिबात भरू नका.

दुसरा दिवस, वेस्ट न्यूटन ते ओहायोपाइल, ४२ मैल. नदीचं नाव यॉकागेनी, तिथले लोक नुसतं ‘यॉक’ म्हणतात. कॉनेल्सव्हिलला जेवून, पाणी भरूनच पुढे व्हा. तिथून ओहायोपाइलपर्यंत १७ मैल नुसतं जंगल आणि खाली नदी, मध्ये दुकान नाही. दिवसअखेर ओहायोपाइलचा धबधबा आणि गावाजवळचा उंच पूल बघायला तास-दीड तास उजेड शिल्लक ठेवा.

तिसरा दिवस, ओहायोपाइल ते मायर्सडेल, ४० मैल. कॅसलमन नदीच्या खोऱ्यात फोनला रेंज बऱ्याचदा नसते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, घरी सांगूनही ठेवा. मायर्सडेलच्या आधी सॅलिसबरीचा पूल येतो, १,९०८ फूट लांब. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेची ही लाइन १९१२ साली सुरू झाली आणि १९७५ मध्ये बंद पडली. पुलाच्या मधोमध उभं राहिलं की खाली शेतं, हमरस्ता आणि अजून धावणारी दुसरी रेल्वे, सगळं एका नजरेत येतं.

चौथा दिवस, मायर्सडेल ते कंबरलंड, ३२ मैल. आठेक मैल हलका चढ, मग खंडविभाजकाची पाटी, मग बिग सॅव्हेज बोगदा. तो सुमारे ३,३०० फूट लांब आहे. आत दिवे आहेत, तरी स्वतःचा दिवा लावा आणि जाकीट अंगात घाला, भर उन्हाळ्यातही आत गारठा असतो. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, बर्फाने नुकसान होऊ नये म्हणून बोगद्याची दारं बंद ठेवतात. निघण्यापूर्वी तो उघडा आहे ना, याची खात्री करा. पर्यायी रस्ता डोंगरावरून जातो आणि फार खडा आहे. बोगद्यानंतर मेसन-डिक्सन रेषा, म्हणजे दोन राज्यांमधली सीमा ओलांडून तुम्ही मेरीलँडमध्ये येता.

पुढच्या उतारावर वेग आपोआप वाढतो. कचेवर पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, चाक घसरतं. मागचा ब्रेक आधी आणि थोडा थोडा.

चढ कसा चढायचा

रेल्वेचा चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो. वाट सपाट वाटते आणि आपण दमतोय का हे समजत नाही. म्हणून लोक जड गिअर ओढत राहतात आणि गुडघे दुखवून घेतात. एक गिअर हलका टाका, पाय भरभर फिरू द्या, शेजारच्याशी बोलता येईल एवढाच दम लागू द्या.

खाणं आणि मुक्काम

गावं लहान आहेत आणि शाकाहारी माणसाला हॉटेलात बहुधा पिझ्झा किंवा बटाटे मिळतात. घरून दशम्या, तिळाची चटणी आणि गुळपापडीच्या वड्या न्या. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे उत्तम महिने. ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा खोल्या लवकर भरतात, आधी ठरवा. गवतात बसलात तर संध्याकाळी पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा आणि कमरेचा पट्टा नीट तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम रोग होतो.

परतीची गाडी

कंबरलंड आणि पिट्सबर्ग या दोन्ही ठिकाणी अमेरिकेतल्या ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वेची गाडी थांबते आणि सायकल सुटी न करता नेता येते. पण सायकलच्या जागा मोजक्या असतात. स्वतःच्या तिकिटाबरोबर सायकलचंही आरक्षण करा आणि त्या तारखेवरून उलटं मोजत बाकीचे मुक्काम ठरवा. गाडी येण्याआधी कॅरिअरच्या पिशव्या उतरवून ठेवा.