दोन डिस्कवर एकच बीटीआरएफएस: डिस्क काढण्याआधीची तयारी

मागच्या खेपेला पहिली डिस्क गेली तेव्हा मी निर्धास्त होतो. लिनक्सची रूट फाइलसिस्टिम बीटीआरएफएस (Btrfs), दोन डिस्कवर रेड-1 (RAID-1), प्रत्येक गोष्टीची प्रत दुसरीकडे. मेलेली डिस्क काढली, मशीन चालू केलं, आणि ते थेट फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बसलं. बूट करायला काही सापडतच नव्हतं. डेटा सगळा शाबूत, पण ईएफआय पार्टिशन, म्हणजे फर्मवेअर जिथून बूटलोडर उचलतं तो भाग, मी एकाच डिस्कवर केलं होतं आणि तीच डिस्क टेबलावर पडली होती. ती रात्र त्यात गेली. डिस्क बदलायची असो, नवी जोडायची असो किंवा बूटलोडर दुरुस्त करायचा असो, हात लावण्याआधी पुढचं सगळं करून ठेवा.

बॅकअप घ्या. त्यावर वेगळं सांगत नाही.

लाइव्ह यूएसबी तयार ठेवा, आणि त्यातलं कर्नल आपल्या मशीनवरच्या कर्नलपेक्षा जुनं नको. यूएसबी यूईएफआय मोडमध्येच सुरू झाली आहे ना, तेही आत्ताच बघा. 'सिस'मधल्या 'फर्मवेअर'खाली 'ईएफआय' नावाची डिरेक्टरी (/sys/firmware/efi) दिसली पाहिजे. ती नसेल तर यूएसबी जुन्या बायोस मोडने उठली आहे, आणि त्या अवस्थेत ग्रब (GRUB) या बूटलोडरला फर्मवेअरमध्ये नोंद करता येत नाही. ऐन वेळी हे कळलं की डोकं फिरतं.

मग रेड-1 खरोखर रेड-1 आहे का ते तपासा. 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज' चालवा आणि डेटा, मेटाडेटा, सिस्टिम या तिन्हींसमोर रेड-1 लिहिलेलं आहे ना ते डोळ्यांनी वाचा. दुसरी डिस्क नंतर 'डिव्हाइस अ‍ॅड'ने जोडली असेल तर फाइलसिस्टिम दोन डिस्कवर पसरते, पण प्रती आपोआप तयार होत नाहीत. त्यासाठी 'बॅलन्स' चालवून रूपांतर करावं लागतं. 'सिंगल' हा शब्द कुठेही दिसला तर थांबा, डिस्कला हात लावू नका.

प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर, तिचा डेव्ह-आयडी (बीटीआरएफएसने डिस्कला दिलेला क्रमांक) आणि तिच्यावरची पार्टिशनं कागदावर लिहा. एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, डिस्क काढली की ती सरकतात. 'बीएलकेआयडी' (blkid) चालवलं की दोन्ही डिस्कचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) एकच दिसेल. ती चूक नाही. यूयूआयडी फाइलसिस्टिमचा असतो, डिस्कचा वेगळा उप-यूयूआयडी शेजारीच असतो. आणि डीडी (dd) या आज्ञेने डिस्कची हुबेहूब नक्कल करून दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवू नका. कर्नलला खरी कोणती ते कळत नाही, आणि फाइलसिस्टिम बिघडू शकते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ईएफआय पार्टिशन फॅट असतं. ते बीटीआरएफएसच्या बाहेर असतं. रेड-1 त्याला स्पर्शही करत नाही. म्हणून दुसऱ्या डिस्कवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करा, ते फॅटने फॉरमॅट करा, वेगळ्या जागी माउंट करा आणि 'ग्रब-इन्स्टॉल' दुसऱ्यांदा चालवा. दुसऱ्यांदा बूटलोडर-आयडी वेगळा द्या, नाहीतर त्याच नावाची पहिली नोंद पुसली जाते. शिवाय 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊनही एकदा चालवा, म्हणजे ईएफआयच्या 'बूट' फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची फाइल पडते. काही फर्मवेअर डिस्क दिसली नाही की तिची नोंद काढून टाकतात, तेव्हा तीच फाइल कामी येते. हे एकदा करून भागत नाही. ग्रबचं पॅकेज अपडेट झालं की नेहमीच्या जागी माउंट असलेलं पार्टिशनच ताजं होईल, दुसरं तसंच राहील. कर्नलच ईएफआय पार्टिशनमध्ये ठेवत असाल तर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर दुसरी प्रत करा. बायोसवाल्या मशीनवरही तेच, 'ग्रब-इन्स्टॉल' दोन्ही डिस्कवर, पार्टिशनवर नव्हे, आणि जीपीटी पद्धतीचा पार्टिशन तक्ता असेल तर 1 एमबीचं बायोस बूट पार्टिशन दोन्हीकडे. दोन्हीकडे.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) दोन्ही ईएफआय पार्टिशनांच्या ओळींवर 'नोफेल' लिहा. ते नसेल तर गायब डिस्कच्या पार्टिशनसाठी सिस्टिमडी 90 सेकंद थांबतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन टाकतं. म्हणजे ग्रब वाचला तरी तुम्ही पुन्हा अडकलातच.

इनिटरॅमएफएस, म्हणजे रूट माउंट होण्याआधी चालणारी छोटी सिस्टिम. माउंट करण्याआधी फाइलसिस्टिमच्या सगळ्या डिस्क स्कॅन झाल्या पाहिजेत, नाहीतर 'ओपन सीट्री फेल्ड' दिसेल. बीटीआरएफएसचं मॉड्यूल आणि त्याचं साधन आत आहे का ते इमेज उघडून बघा, 'असेलच' म्हणू नका. डिस्क एनक्रिप्टेड असतील तर दोन्ही तिथेच उघडल्या गेल्या पाहिजेत, नुसती पहिली नाही.

'डिग्रेडेड' (डिस्क कमी असली तरी माउंट कर) हा पर्याय कर्नलच्या ओळीत कायमचा लिहू नका. एखाद्या दिवशी दुसरी डिस्क जागी व्हायला उशीर झाला तर मशीन एकीवरच पुढे जाईल आणि दोन प्रती वेगळ्या होतील. तसंही यूडेव्हचा (डिस्क ओळखणाऱ्या सेवेचा) नियम सगळ्या डिस्क येईपर्यंत फाइलसिस्टिम तयार मानत नाही, त्यामुळे तो लिहूनही बूट ताटकळतं. वेळ आलीच तर इनिटरॅमएफएसच्या शेलमधून किंवा लाइव्ह यूएसबीवरून हाताने माउंट करा. कर्नल 4.14 च्या आधीचं असेल तर आणखी जपून. त्यात एका डिस्कवर लिहिण्यासाठी माउंट करायची संधी बहुधा एकदाच मिळते, नंतर फक्त वाचता येतं.

चाचणी करा. मशीन बंद करून पहिली डिस्क काढा, चालू करा, ग्रबचा मेनू आला की बंद करा. मग दुसरी काढून तेच. मेनूच्या पुढे जाऊ नका! आधी एकीवर लिहिलं, मग दुसरीवर लिहिलं आणि नंतर दोन्ही जोडल्या, तर खरी प्रत कोणती हे बीटीआरएफएस ठरवू शकत नाही, आणि सावधही करत नाही. तसं झालंच तर दोन्ही पुन्हा एकत्र जोडू नका.

/बूट बीटीआरएफएसच्या आतच असेल तर ग्रबची आवृत्ती बघा. झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन आणि रेड-5, रेड-6 वाचायला 2.04, तीन-चार प्रतींच्या रेड-1 साठी 2.06. 'स्पार्स फाइल नॉट अलाउड' आलं तर घाबरू नका, कोणतीही कळ दाबा, पुढे जातं.

दुरुस्तीचा क्रम: योग्य सबव्हॉल्यूम माउंट, त्यात ईएफआय पार्टिशन, डेव्ह-प्रॉक-सिस बाइंड, सीएचरूट (म्हणजे माउंट केलेल्या सिस्टिमच्या आत शिरणं), ग्रब-इन्स्टॉल, कॉन्फिग, इनिटरॅमएफएस. कॉन्फिगमध्ये 'रूट='समोर यूयूआयडी आहे ना, बघा.

डिस्क बदलताना गेलेल्या डिस्कचा डेव्ह-आयडी देऊन 'रिप्लेस', मग 'सॉफ्ट' लावून (आधीच रेड-1 असलेलं सोडून) बॅलन्स, म्हणजे मधल्या काळातलं सिंगलही रेड-1 होतं. पण रिप्लेसला नवी डिस्क अख्खी देऊ नका, ईएफआयला जागा उरत नाही. आधी तिच्यावर ईएफआय पार्टिशन करा, उरलेलं पार्टिशन जुन्याहून लहान होत नाही ना ते मोजा, आणि मगच रिप्लेस सुरू करा.